दिवा लागतो, पण लॅपटॉप जागा होत नाही

वाचकहो, काशीस पंचगंगा घाटावरून दुर्गाघाट ओलांडून ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत शिरलात, की मराठी बोल कानी पडतात. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांचा हा मोहल्ला. १८९८ साली स्थापन झालेल्या काशी गणेशोत्सव कमेटीचा उत्सव येथेच होतो. अशा जुन्या घरांतील मोडी कागदांची छायाचित्रे, वंशावळी, लग्नमुंजींचे फोटो आता लॅपटॉपमध्ये जाऊन बसले आहेत. तो लॅपटॉप एके दिवशी दिवा लावतो, पंखा फिरवितो, पण पुढे सरकतच नाही. अशा वेळी घाबरू नये. यंत्र आणि त्यातील संग्रह ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. यंत्र अडले तरी संग्रह बहुधा शाबूत असतो. तो पुष्कळदा नाहीसा होतो तो घाईच्या दुरुस्तीत.

दिवा लागला, ह्याचा अर्थ वीज पोहोचली, इतकाच. त्यानंतर यंत्रातील एक छोटी आज्ञावली रॅम, पडदा, कळफलक तपासते आणि मग डिस्कवरून विंडोजसारखी मुख्य प्रणाली उचलून तिच्या हाती कारभार सोपविते. ह्यासच ‘बूट होणे’ म्हणतात. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःस वर उचलण्याच्या कल्पनेवरून हा शब्द आला. कल्पना मोठी गमतीची आहे खरी!

कंपनीचे चिन्हही न उमटता पडदा काळाच राहिला, तर त्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकून पाहावे. अंधुक अक्षरे दिसली, तर दोष पडद्याच्या प्रकाशाचा. एचडीएमआय तारेने घरातील टीव्ही जोडूनही हे ताडता येते. तेथेही काही न दिसल्यास चार्जर, पेन ड्राइव्ह, प्रिंटर सर्व सोडवावे, सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, आणि केवळ चार्जर लावून पुन्हा पाहावे. श्रावण-भाद्रपदात गंगा चढते, भिंतींना ओल येते. अशा हवेत रॅमच्या पट्टीची टोके गंजू शकतात. जाणत्याकडून ती काढून, पुसून बसविली की कित्येकदा यंत्र चालू लागते. बीप-बीप असा आवाज किंवा दिव्याची उघडझाप झाल्यास ती मोजून लिहून ठेवावी. प्रत्येक कंपनीचे हे संकेत ठरलेले असतात.

चिन्ह दिसून ‘बूट करण्याजोगे साधन नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर विसरलेला पेन ड्राइव्ह आधी काढावा. डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असून टक्‌टक् आवाज करीत असेल, तर मात्र लॅपटॉप तत्काळ बंद करावा. प्रत्येक नवा प्रयत्न तिला अधिक जखमी करतो.

विंडोज सुरू होता होता वारंवार कोलमडले, तर दुरुस्तीचे पान आपोआप उघडते. तेथील ‘स्टार्टअप रिपेअर’ निर्धोक समजावे. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ ह्या पर्यायास हात लावू नये. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली गेल्यास ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. ती नसेल, तर कुशल कारागीरही ते कुलूप उघडू शकत नाही; म्हणून यंत्र धड असतानाच ती वहीत उतरवावी.

कारागिराकडे गेल्यावर तो सहजपणे म्हणेल, “फॉर्मॅट करून देतो.” त्यास आधी डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडावयास व संग्रह उतरवून घ्यावयास सांगावे. काही पातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डावरच डाखलेली असते. तेथे आधी बोर्डच दुरुस्त करावा लागतो.