लिनक्स घातले, पण पडदा काळा!

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेले, पण एरवी ठणठणीत असलेले अनेक डेस्कटॉप त्यामुळे अडचणीत आले. अशा यंत्रांवर लिनक्स घालणे हा चांगला पर्याय आहे. मात्र कधीकधी इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडते, संगणक पुन्हा सुरू होतो आणि पडदा काळाच राहतो. पंखा फिरतो, कीबोर्डचा दिवा लागतो. दिसत मात्र काही नाही. मदरबोर्ड गेला असे समजून यंत्र भंगारात देण्याआधी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडे पाहायला हवे.

ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाष्या. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात. इंटेल आणि एएमडीचे ग्राफिक्स त्यामुळे सहसा काही न करता चालते. एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. या कंपनीने कार्डांची अंतर्गत माहिती वर्षानुवर्षे झाकून ठेवली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात तिच्यावर इतके चिडले, की त्यांनी कॅमेऱ्यासमोर शिवी हासडली. स्वयंसेवकांनी कार्डांच्या वागण्यावरून ‘नूव्हो’ हा खुला ड्रायव्हर लिहिला. पण जीटीएक्स ९०० मालिकेतल्या कार्डांपासून कंपनीची सही असलेले फर्मवेअर सक्तीचे झाले आणि कार्डाचा वेग वाढवणे नूव्होच्या हाती राहिले नाही. पुढे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, तोही ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी. जुन्या कार्डांच्या मालकांच्या पदरी त्यातून काही पडले नाही.

काळ्या पडद्यावरचा पहिला उपाय सोपा आहे. संगणक सुरू होताना ग्रबचा मेनू दिसला, की ‘ई’ची कळ दाबावी. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावा आणि एफ-१० दाबावे. पडद्याची मांडणी करण्याच्या भानगडीत पडू नकोस, असे त्यामुळे कर्नेलला सांगितले जाते. चित्र ओबडधोबड, पण दिसते. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. तो कायमचा ठेवला तर यंत्र रडतखडत चालते.

चित्र दिसू लागले, की मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा उबुंटूमध्ये ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून तिथे सुचवलेला ड्रायव्हर घ्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून घेण्याची विंडोजची सवय इथे अंगाशी येते. तसा बसवलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नेल अपडेटनंतर बंद पडू शकतो आणि मग पुन्हा काळा पडदा.

अनेक जण अडकतात ते सिक्युअर बूटपाशी. हे चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. काही बिघडले असे वाटून लोक ‘कंटिन्यू’ निवडतात, किंवा काही सेकंदांत तो पडदा आपोआप निघून जातो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो दिला नाही, तर सही न पटलेला ड्रायव्हर कर्नेल आत घेत नाही आणि बसवलेला असूनही तो चालत नाही.

जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीतल्या कार्डांना ४७० मालिकेचा ड्रायव्हर लागतो. कंपनीने त्याची देखभाल २०२४ मध्ये संपवली, त्यामुळे नव्या कर्नेलशी त्याचे जमेलच असे नाही. अशा कार्डाशी झुंजत बसण्यात अर्थ नाही. पत्रव्यवहार, ब्राउझर आणि व्हिडिओ एवढेच काम असेल तर नूव्हो पुरतो. त्याहून सोपे म्हणजे, प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असेल तर वीज बंद करून कार्ड काढावे आणि मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावावी. दुकानात जुळणी केलेल्या कितीतरी संगणकांत असे कार्ड केवळ विकण्यापुरते बसवलेले असते.

अजून विंडोज पुसलेले नसेल तर उत्तमच. आधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि लिनक्स पेनड्राइव्हवरून तासभर चालवून पाहावे. पडदा पूर्ण आकारात येतो का, व्हिडिओ अडखळतो का आणि संगणक झोपवून उठवल्यावर चित्र परत येते का, हे तेव्हाच कळते.