काळभाताचा तांदूळ पांढराच! मग रंगीत तांदळाचा गुण नेमका कुठे असतो?

अकोले : बाजारात काळभाताची पिशवी उघडली की शहरातून आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हा तर पांढरा आहे, काळा कुठाय?" काळा तांदूळ तब्येतीला चांगला, असं त्यानं मोबाईलवर वाचलेलं असतं. संशय मात्र येतो शेतकऱ्यावर. यात फसवणूक नाही, घोळ नावाचा आहे.

भाताच्या दाण्यावर आधी तूस, त्याखाली कोंड्याचा पातळ थर आणि आत तांदूळ. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या काळभाताचं तूस काळं असतं. भरडलं की ते निघून जातं आणि आतून सुवासिक पांढरा तांदूळ निघतो. मणिपूरच्या चाक-हाओचं (याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) तसं नाही. त्याचा जांभळट काळा रंग कोंड्याच्या थरात असतो. हा रंग अँथोसायनिनचा, जांभळाच्या सालीत असतो त्याच जातीचा. कोकणातला लाल तांदूळ किंवा गोव्यातला खाजणातला कोरगुट यांचा लाल रंगही कोंड्यातच, पण तो प्रोअँथोसायनिडिनचा. ही द्रव्यं अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या कणांना निष्प्रभ करणारी.

पांढऱ्या जाती अगदीच रित्या असतात असं नाही. फेरुलिक आम्ल, ओरिझॅनॉल, ई जीवनसत्त्व त्यांच्यातही असतं. लाल-काळ्यापेक्षा एकूण जोर कमी, पण असतं. आणि तेही बहुतेक कोंड्यातच!

इथंच गिरणीचा प्रश्न येतो. तांदूळ पांढराशुभ्र दिसावा म्हणून पॉलिश मारून घेतलं, की कोंडा जातो. तो जातो गुरांना नाहीतर कोंबड्यांना. म्हणजे चांगला भाग कोंबड्या खाणार आणि घरची माणसं नुसता स्टार्च. लाल तांदूळ पार घासून आणला तर त्याच्यात आणि साध्या पांढऱ्यात या बाबतीत फारसा फरक उरत नाही. पूर्वी उखळात सडलेल्या तांदळावर थोडा कोंडा राहायचा, हातसडीचं महत्त्व ते.

अडचण एकच. कोंड्यात तेल असतं, त्यामुळे असा तांदूळ लवकर खवट होतो, पोरकिडाही लवकर लागतो. म्हणून भात कणगीत तसंच ठेवून महिन्यापुरतंच भरडलेलं बरं. शिजवताना रंगाचा काही भाग पाण्यात उतरतो. पेज ओतून दिली की तोही गेला.

आणखी एक. प्रयोगशाळेत मोजलेला गुण जसाच्या तसा अंगी लागतोच असं नाही. साखरेच्या रुग्णानं लाल तांदूळ म्हणून दोन ताटं जास्त खाल्ली तर साखर वाढणारच.

काळभात विकताना मात्र पिशवीवर 'काळ्या तुसाचा सुवासिक तांदूळ' एवढं स्पष्ट लिहावं. त्याचा भाव वासाचा आहे, रंगाचा नाही. पहिल्या वाफेलाच गिऱ्हाईकाला ते कळतं.