सावद्याचा जमाव आणि अंबापाणीची लढाई

खानदेशचा स्वातंत्र्यलढा म्हटला की आपण थेट १९३६ च्या फैजपूर काँग्रेसपाशी येतो, नाहीतर १९४२ च्या नंदुरबारला, बाल शहीद शिरीषकुमारपाशी. या दोन्ही आठवणी मोलाच्याच. पण हातात शस्त्र घेऊन इंग्रजी पलटणीला समोरासमोर भिडण्याचं काम या मुलखाने त्याच्या पाऊणशे वर्षं आधी केलं होतं. त्या लढ्याकडे वळायचं तर सुरुवात फैजपूरच्या शेजारच्या सावद्यापासून करावी लागते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे गेला. सातपुड्याचे घाट राखणारे भिल्ल नाईक नव्या सरकारला जुमानेनात. सरकारने एका हाताने त्यांच्यावर मोहिमा काढल्या आणि दुसऱ्या हाताने त्यांचीच माणसं चाकरीला घेतली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचं ठाणं धरणगावला होतं. डोंगर शांत झाल्यासारखा वाटू लागला.

मग मैदान पेटलं. १८५२ मध्ये जमिनीची नवी मोजणी सुरू झाली. मोजणीची साखळी शेतात पडली म्हणजे सारा वाढणार, जुने हक्क जाणार, ही धास्ती गावोगाव पसरली. सावद्याला दहा ते पंधरा हजार लोक जमले. फौजेची तुकडी आली, तिने पुढारी पकडून नेले, तेव्हाच जमाव पांगला. संख्या होती, संताप होता, पण पुढारी उचलल्यावर पुढे काय करायचं हे सांगणारं मागे कुणी उरलं नाही.

पाच वर्षांनी डोंगर उठला तेव्हा नेमकं उलटं होतं. तिथे सेनापती होते. त्यांतला मोठा खाजा नाईक. सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याची राखण हे त्याच्या घराण्याचं काम. त्याने स्वतः वीसेक वर्षं ते सरकारसाठी केलं. पुढे एका कैद्याच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. १८५७ मध्ये उत्तरेत वणवा पेटल्यावर सरकारला पुन्हा त्याची गरज भासली आणि त्याला कामावर घेतलं. पण थोड्याच दिवसांत तो उठावाचा दुसरा सेनापती भीमा नाईक याला जाऊन मिळाला. घाटाची प्रत्येक वळणवाट ठाऊक असलेला राखणदारच आता वाट अडवून बसला. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरकडून मुंबईला चाललेला सरकारी खजिना, सुमारे सात लाखांचा, याच वाटेवर लुटला गेला.

सरकारने हिशेब चुकता केला तो ११ एप्रिल १८५८ ला, सातपुड्यातल्या अंबापाणीला. मेजर इव्हान्सच्या फौजेने नाईकांचा तळ गाठला. भिल्ल खडकांच्या आडून तीरकमठे आणि बंदुका चालवत होते. लढाई निकराची झाली. इंग्रजी बाजूचेही शिपाई पडले, अधिकारी जखमी झाले. खाजाचा मुलगा पोलादसिंग तिथेच कामी आला. जे हाती लागले त्यांतल्या पन्नासहून अधिक जणांना रणांगणावरच्या झटपट चौकशीनंतर गोळ्या घातल्या. शेकडो बायका कैद झाल्या, त्यांत नाईकांच्या घरच्याही होत्या. नवरे शरण यावेत म्हणून बायकांना अडकवण्याचा हा डाव होता.

तरीही खाजा आणि भीमा निसटले. पण एवढी मोठी लढाई पुन्हा उभी राहिली नाही. १८६० मध्ये खाजाला त्याच्याच सोबत राहिलेल्या मकराणी माणसाने दग्याने मारलं. भीमा कित्येक वर्षं जंगलात झुंजत राहिला. अखेर पकडला गेला आणि काळ्या पाण्यावर गेला. त्याचा शेवट अंदमानातच झाला.

हा सगळा काळ एकत्र पाहिला की एक गोष्ट मनाला लागते. सावद्याच्या शेतकऱ्याचं आणि सेंधव्याच्या नाईकाचं दुखणं एकच होतं: पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क कचेरीतून कुणीतरी काढून घेत होतं. तरी १८५२ ला डोंगर मैदानासाठी उतरला नाही आणि १८५७ ला मैदान डोंगरासाठी उठलं नाही. डोंगरातल्यांना लुटारू म्हणायची सवय मैदानाला होती, आणि सरकारी कागदांनी ती पक्की केली. पराभवाचं कारण बंदुकांइतकंच या दुराव्यातही आहे.

१९३६ मध्ये खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांच्या खटपटीने काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला, सावद्याच्या शेजारी भरलं, तेव्हा शेतकरी लढ्याच्या मध्यभागी आला. आदिवासी नाईक मात्र आपल्या सांगण्यात कडेलाच राहिले.

अंबापाणीच्या लढाईच्याच तारखेला, ११ एप्रिलला, जोतीराव फुले यांची जयंती असते आणि आपल्या शाळा ती साजरी करतात. शेतकऱ्याचा आसूड जगापुढे मांडणाऱ्या माणसाच्या दिवशीच खानदेशातल्या मुलांना अंबापाणी सांगितली, आणि तिच्याबरोबर सावद्याचा तो जमावही, तर जोतीरावांनाही ते मानवेल. खाजा आणि भीमा हे आपल्या लढ्याचे सेनापती होते. पाठ्यपुस्तकाची वाट न बघता हे आपण आपल्या गावातच म्हणायला लागलं पाहिजे.