शाई भरा, पण स्पंजाच्या कलाने
१९७७ साली जपानमधल्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो काम करत होते. शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंगचं हत्यार चुकून टेकलं आणि सुईतून शाईची चिळकांडी उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा झाला होता आणि त्याने पुढची शाई बाहेर ढकलली होती. कॅननचं बबलजेट तंत्र या निरीक्षणातून उभं राहिलं. त्याच सुमारास अमेरिकेत एचपीमध्ये जॉन वॉट आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच युक्तीपाशी पोहोचले. त्यांचा थिंकजेट प्रिंटर १९८४ साली बाजारात आला.

घरोघरी दिसणाऱ्या एचपी आणि कॅननच्या छोट्या कार्ट्रिजवाल्या प्रिंटरांत आजही हेच घडतं. कार्ट्रिजच्या बुडाशी केसाहून बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक चिमुकला हीटर. काही मायक्रोसेकंदांत तो सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, शाईच्या पातळ थराची वाफ होते आणि एक थेंब उडतो. फोटो छापताना हा थेंब दोन पिकोलिटरइतका लहान असू शकतो. म्हणजे एका मिलिलिटर शाईत असे ५० कोटी थेंब! हीटरला गार ठेवण्याचं कामही शाईच करते. त्यामुळे रंग फिकट पडू लागला तरी ‘अजून दोन पानं निघतील’ म्हणत छापत राहणं हा कार्ट्रिजचा खरा घात. कोरडा तापलेला हीटर जळतो आणि मग कितीही शाई भरली तरी तो भाग कामातून गेलेला असतो. रंग उतरताना दिसला की लगेच भरायला घ्यावं.

आता मुख्य गोष्ट. बुडाला इतकी छिद्रं असूनही शाई गळत का नाही? कारण आत शाई मोकळी नसतेच, ती स्पंजात असते. दिव्याची वात तेल धरून ठेवते तसा स्पंजही केशाकर्षणाने शाई धरतो आणि तिला किंचित आत खेचत राहतो. बाहेर जाऊ पाहणारी शाई आणि आत ओढणारा स्पंज यांचा तोल साधलेला असतो. शाई वापरली गेली की झाकणावरच्या बारीक वाटेने तेवढी हवा आत येते. घरी शाई भरताना होणारे बहुतेक घोटाळे हा तोल बिघडल्याने होतात. जास्त भरली की स्पंजाची ओढ संपते, शाई खालून पाझरते आणि तीन रंगांच्या कार्ट्रिजमध्ये शेजारच्या रंगात शिरते. भरल्यावर झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद केलं की हवेची वाट अडते आणि छपाई मध्येच थांबते. घाईने दाबली की स्पंजात हवेचे कप्पे अडकतात, मग वर शाई असूनही ती खाली पोहोचत नाही.

म्हणून प्रत्येक रंगाची सिरिंज वेगळी ठेवावी. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरावीत, हातात मोजे घालावेत. वरचं लेबल सोललं की भोकं दिसतात. कोणत्या भोकात कोणता रंग, हे आकृतीवर विसंबून ठरवू नये. प्रत्येक भोकात नवी टूथपिक बुडवून टोकाला लागलेला रंग पाहावा. सुई स्पंजात खोल, पण तळाच्या जाळीला न टेकवता घालावी आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबावा. साध्या आकाराच्या कार्ट्रिजमध्ये एका रंगाला दीड-दोन मिलिलिटर पुष्कळ होतात. भोकाशी शाई वर आलेली दिसली तर थांबून थोडी परत ओढून घ्यावी.

मग कोमट पाण्याने किंचित ओलसर केलेल्या टिश्यू पेपरच्या घडीवर कार्ट्रिजची छिद्रांची बाजू दोन-तीन सेकंद टेकवायची. उचलल्यावर शेजारी शेजारी तीन स्वच्छ पट्टे उमटलेले दिसले पाहिजेत: निळा, गुलाबी आणि पिवळा. एखादा पट्टा उमटला नाही तर तिथे हवा अडकली आहे किंवा वाळलेल्या शाईचा बूच बसला आहे. पिवळा हिरवट दिसला तर निळा त्यात मिसळला आहे. अशा वेळी पिवळा शुद्ध होईपर्यंत टिश्यू बदलत टेकवत राहावं. हे पट्टे नीट पाहायची सवय लागली की निम्मं काम जमलं. तांब्याच्या रंगाचे संपर्कबिंदू सुती कापडाने पुसावेत आणि प्रिंटरमधून नोझल चेकचं, म्हणजे छिद्रं तपासण्याचं, पान काढावं.

यानंतरही प्रिंटर ‘शाई संपली’ म्हणत राहील. घाबरू नये. अशा बहुतेक प्रिंटरांना आतली शाई दिसत नाही. किती थेंब उडवले याचा हिशेब ते ठेवतात आणि तुम्ही भरलेली शाई त्या हिशेबात येत नाही. अनेक मॉडेलांवर तो संदेश ‘ओके’ म्हणून पुढे ढकलता येतो किंवा एक बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं.

खरी काळजी हवी ती शाईच्या निवडीत. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. तो ग्लॉसी कागदाच्या थरात मुरतो आणि चमकदार दिसतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ती पाण्याला आणि उजेडाला जास्त टिकते, म्हणून अनेक प्रिंटरांतली मजकुराची काळी शाई पिगमेंटची असते. डायसाठी बनलेल्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट भरली तर छिद्रं तुंबण्याचा धोका असतो. ‘सगळ्या प्रिंटरांना चालते’ असं लिहिलेल्या बाटलीपेक्षा आपल्या कार्ट्रिजचा क्रमांक लिहिलेली बाटली घ्यावी.

शाई आणि कागद यांचं नातं किती नाजूक असतं, हे २००० साली एप्सनलाही अनुभवावं लागलं. त्यांच्या स्टायलस फोटो ८७० प्रिंटरवर कंपनीच्याच ग्लॉसी कागदावर छापलेले काही फोटो थोड्याच काळात नारिंगी पडले. हवेतल्या ओझोनसारख्या वायूंनी निळा रंग मोडून टाकला होता. कंपनीची शाई, कंपनीचाच कागद, तरीही असं झालं. मग बाजारातली स्वस्त शाई कोणत्याही कागदावर किती टिकेल, याची हमी कोण देणार? शाळेचे प्रकल्प, नकाशे, फलक, रोजचे फोटो यांसाठी मी घरी भरलेली शाई मोकळेपणाने सुचवेन. लग्नाचे किंवा आजी-आजोबांचे फोटो मात्र मूळ शाईने नाहीतर लॅबमध्ये छापावेत आणि काचेच्या चौकटीत ठेवावेत. काचेमुळे हवेचा संपर्क कमी होतो.

नव्या शाईचा पहिला फोटो निघताच रंगांवरून निकाल देऊ नये. रात्रभर वाळू द्यावा आणि सकाळी खिडकीपाशी, जुन्या शाईने छापलेल्या त्याच फोटोशेजारी ठेवून पाहावा. आधी चेहरे पाहावेत. त्वचेचा रंग हिरवट किंवा जांभळट झाला असेल तर डोळ्याला तो ताबडतोब खटकतो आणि छपाईच्या सेटिंगमध्ये कोणता रंग किती कमी-जास्त करायचा ते तिथेच समजतं.