बचत बोल्टची, जोखीम इमारतीची

न्यूयॉर्कमधील ५९ मजली सिटीकॉर्प सेंटर १९७७ मध्ये पूर्ण झाले. पोलादी सांगाड्याचे सांधे वेल्डिंगने जोडायचे ठरले होते. खर्च वाचविण्यासाठी बोल्ट वापरले गेले. कोपऱ्यांच्या दिशेने येणाऱ्या वादळी वाऱ्यात हे सांधे निकामी होऊ शकतात, असा निष्कर्ष १९७८ मध्ये संरचना अभियंता विल्यम लेमेझर यांच्या गणितातून निघाला. गप्प राहिल्यास प्रतिष्ठा सुरक्षित, पण असंख्य जीव धोक्यात! लेमेझर यांनी मालकांपुढे चूक कबूल केली. त्यानंतर रात्रीच्या वेळी सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करण्यात आल्या. नागरिकांना मात्र हे सत्य १९९५ मध्ये एका लेखातून कळले. ज्यांचे प्राण पणाला लागले होते, त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार अभियंत्याला असतो काय?