अराजक : अव्यवस्था की व्यवस्था?

इ. स. पू. ४०४-०३ हे वर्ष अथेन्सच्या इतिहासात एका चमत्कारिक नावाने ओळखले जाते. अथेन्समध्ये प्रत्येक वर्षाला त्या वर्षीच्या प्रमुख आर्खोनचे, म्हणजे नगराधिकाऱ्याचे, नाव देण्याची पद्धत होती. पेलोपोनेशियन युद्धात पराभव झाल्यानंतर स्पार्टाच्या पाठबळावर तीस जणांचे एक मंडळ तेथे सत्तारूढ झाले व त्याच्या अमदानीत पिथोडोरस हा आर्खोन झाला. पुढे लोकसत्ता पुनःस्थापित झाली, तेव्हा अथेन्सकरांनी त्याची नेमणूक वैध मानली नाही. त्या वर्षाला ते 'अनार्खिया', म्हणजे 'आर्खोन नसलेले वर्ष', म्हणू लागले, असे झेनोफोन सांगतो. वस्तुतः त्या वर्षी शासनाची उणीव मुळीच नव्हती. तीस जणांच्या मंडळाने निदान पंधराशे नागरिकांचा वध केला, अशी नोंद ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात आढळते. म्हणजे ज्या वर्षाला 'अनार्खिया' म्हटले गेले, ते वर्ष सत्तेच्या अभावाचे नसून सत्तेच्या अतिरेकाचे होते.

या उदाहरणावरून एक प्रश्न उपस्थित होतो. 'अराजक' हा शब्द उच्चारताच दंगे, लुटालूट व बेबंदशाही यांचे चित्र मनापुढे उभे राहते. उलट, ज्या विचारवंतांनी हा शब्द आपल्या मताचे नाव म्हणून स्वीकारला, त्यांच्या मते त्याचा अर्थ श्रेष्ठ प्रतीची व्यवस्था असा आहे. एकाच शब्दाला परस्परविरुद्ध अर्थ प्राप्त व्हावेत, याचे कारण काय? ते शोधताना प्रथम शब्दाकडे व मग इतिहासाकडे वळणे सोयीचे होईल.

१

'अनार्खिया' या ग्रीक शब्दात नकारवाचक 'अन्' हा पूर्वघटक व 'आर्ख' हा धातू आहे. या धातूचे दोन अर्थ आहेत : आरंभ करणे व अधिकार चालविणे. जो आरंभ करतो तोच पुढारी, ही कल्पना त्यामागे दिसते. अव्यवस्थेसाठी ग्रीक भाषेत 'अताक्सिया' व 'अकोस्मिया' असे निराळे शब्द होतेच. तथापि 'अनार्खिया' हा शब्दही लवकरच निंदाव्यंजक झाला. सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' या नाटकात क्रेऑन राजा अनार्खियेला सर्वांत मोठे अनिष्ट ठरवतो. परंतु हे मत नाटककाराने ज्याच्या तोंडी घातले, त्या राजाच्या हट्टी शासनानेच त्याच्या घराचा नाश होतो, हे विसरता येत नाही.

'अराजक' या संस्कृत शब्दाची घडण याच प्रकारची आहे. 'ज्यात राजा नाही ते' असा हा बहुव्रीहि समास असून मुळात तो जनपदाचे किंवा राष्ट्राचे विशेषण आहे. संस्कृत वैयाकरणांनी नकारवाचक 'नञ्'चे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य व विरोध. 'अनश्व' म्हणजे घोड्याहून अन्य प्राणी. येथे अन्यत्व आहे. 'अनुदरा' म्हणजे पोट नसलेली नव्हे, तर कृशोदरी. येथे अल्पता आहे. 'अधर्म' म्हणजे धर्माचा केवळ अभाव नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध असलेली गोष्ट. या दृष्टीने पाहिल्यास 'अराजक' या शब्दातील नकाराचा अर्थ अभाव एवढाच आहे. राजा नाही, इतकेच तो सांगतो. राजा नसताना काय असते, याविषयी शब्द मौन पाळतो.

मराठीत मात्र या विशेषणाचे नाम झाले आणि त्याला 'माजणे' हे क्रियापद जोडले गेले. मराठीत रान माजते, बंडाळी माजते, तसेच अराजकही माजते. जे केवळ अभावरूप आहे ते माजणार कसे? माजण्यासाठी एखादी भावरूप वस्तू हवी. म्हणजे मराठीच्या रूढीने अभावाचा विरोध केला आहे : राजाचा अभाव म्हणजेच व्यवस्थेचा शत्रू. 'बेबंदशाही' हा शब्दही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कोणतेही बंधन नसलेल्या स्थितीलाही भाषेने 'शाही' हा राजसत्तेचा प्रत्यय लावला. कोणाची ना कोणाची सत्ता असल्याशिवाय समाजाची कल्पनाच करता येत नाही, ही लोकसमजूत त्या प्रत्ययात साठविलेली आहे.

२

ही समजूत प्राचीन ग्रंथांतही आहे. पण ती एकमेव नाही. वाल्मीकि रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर द्विज वसिष्ठांपुढे अराजक जनपदाचे वर्णन करतात. तेथे मेघ वर्षत नाहीत, बी पेरले जात नाही, पुत्र पित्याच्या आज्ञेत राहत नाही आणि माणसे माशांप्रमाणे एकमेकांना गिळतात. येथे राजा हा केवळ समाजाच्याच नव्हे, तर निसर्गाच्याही व्यवस्थेचे कारण मानलेला आहे. हाच मत्स्यन्याय महाभारताच्या शांतिपर्वातही येतो. परंतु त्याच पर्वात भीष्म युधिष्ठिराला राज्यसंस्थेची उत्पत्ती सांगताना निराळी कथाही सांगतो. आरंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता व दंड करणाराही नव्हता. लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत. पुढे मोह व लोभ शिरले, धर्म क्षीण झाला, आणि मग राजा आला. पहिल्या मतानुसार राजा नसल्यामुळे अव्यवस्था होते. दुसऱ्या मतानुसार अव्यवस्था झाल्यामुळे राजा आणावा लागतो. कार्यकारणभाव नेमका उलटा झालेला आहे. अर्थात शांतिपर्वाचा निष्कर्ष राजसत्तेच्याच बाजूचा आहे. तथापि राजाविना व्यवस्था ही कल्पना त्या ग्रंथकारांना अशक्य वाटली नव्हती, एवढे यावरून सिद्ध होते.

३

आधुनिक युरोपात हा शब्द प्रथम शिवी म्हणून वावरला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, ब्रिसो याने आपल्या जहाल प्रतिपक्षीयांना 'अनार्किस्त' म्हटले. १७९७ मध्ये तर राजेशाही व अराजक या दोहोंचा द्वेष करण्याची शपथ तेथील धर्मोपदेशकांकडून घेण्यात येऊ लागली. ज्या राजवटीने राजाचा शिरच्छेद केला होता, तिलाही 'राजा नसणे' हे दूषण वाटावे, यातच शब्दाचा अर्थ किती सरकला होता हे दिसते.

ही शिवी बिरुद म्हणून प्रथम धारण केली ती प्येर-जोझेफ प्रूधाँ याने. १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मालमत्तेवरील ग्रंथात त्याने स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले आणि त्याच वेळी आपण व्यवस्थेचे कट्टर पुरस्कर्ते आहोत असेही सांगितले. समाज जसजसा ज्ञानी होतो तसतशी माणसाने माणसावर चालविलेली सत्ता क्षीण होत जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. १८५० मध्ये आन्सेल्म बेलगारिग याने काढलेल्या अल्पजीवी नियतकालिकाचे नावच 'अराजक : व्यवस्थेचे पत्र' अशा अर्थाचे होते. १८८१ मध्ये क्रोपोत्किनने 'व्यवस्था' या विषयावर लिहिलेल्या लेखात शब्दाच्या लेखनाचा इतिहासही दिला आहे. आरंभी या पंथाचे लोक 'अन्' व 'आर्की' यांच्यामध्ये संयोगरेषा घालीत, म्हणजे हा शब्द गोंधळाचा वाचक नसून सत्तेच्या अभावाचा वाचक आहे हे वाचकांना कळावे. पुढे त्यांनी ती रेषा सोडून दिली व विरोधकांनी दिलेले नाव आहे तसे पत्करले. ज्या 'व्यवस्थे'चे गोडवे गाइले जातात, ती बहुसंख्यांच्या दारिद्र्यावर उभी असेल तर तिलाच अव्यवस्था का म्हणू नये, असा क्रोपोत्किनचा प्रतिप्रश्न होता.

त्याचा युक्तिवाद केवळ शाब्दिक नव्हता. निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीचे युरोपातील लोहमार्ग कोणत्याही मध्यवर्ती सरकारावाचून, परस्परांतील करारांनी एकमेकांना जोडले गेले. इंग्लंडमधील जीवरक्षक नौकांची संस्था स्वयंसेवकांच्या बळावर चालली. ही उदाहरणे त्याने १८९२ च्या आपल्या ग्रंथात दिली. सत्ता नसणे म्हणजे नियम नसणे नव्हे. नियम वरून लादलेले नसून आपसांत ठरलेले असणे, हा त्याच्या मताचा गाभा आहे. वैयाकरणांच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याने नकाराचा अर्थ अन्यत्व असा घेतला : सत्तेहून अन्य प्रकारची व्यवस्था.

४

शब्दाच्या या ओढाताणीत अनेकांच्या प्राणांचा प्रश्न गुंतलेला होता. १८८६ मध्ये शिकागो येथील सभेत बाँब पडला. तो कोणी टाकला हे अखेरपर्यंत ठरले नाही. तथापि अराज्यवादी पुढाऱ्यांवर खटला होऊन १८८७ मध्ये चौघांना फाशी देण्यात आले. हयात असलेल्या तिघांना १८९३ मध्ये राज्यपालाने मुक्त केले व खटला अन्याय्य ठरविला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. १८९४ मध्ये फ्रान्सचा अध्यक्ष कार्नो, १९०० मध्ये इटलीचा राजा उंबेर्तो व १९०१ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष मॅक्किन्ली हे स्वतःला अराज्यवादी म्हणविणाऱ्यांकडून मारले गेले. तेव्हा शब्दाला चिकटलेला रक्ताचा डाग सर्वस्वी प्रतिपक्षाने लावलेला होता, असे म्हणता येणार नाही.

हिंदुस्थानात इंग्रजी राजवटीने हा शब्द सशस्त्र क्रांतिकारकांना लावला. रौलट कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९१९ च्या कायद्याच्या अधिकृत नावातच 'अराजकी व क्रांतिकारक गुन्हे' असा निर्देश होता. या लेबलातील चूक त्यापूर्वीच दाखविली गेली होती. १९०८ मध्ये 'केसरी'तून बंगालमधील बाँबचा विचार करताना, युरोपातील अराजकवाद्यांचे बाँब व बंगालमधील बाँब यांचे मूळ एक नव्हे, बंगाली तरुण अराजकवादी नसून त्यांनी फक्त त्यांचे हत्यार उचलले आहे, असा भेद करण्यात आला होता. परकी राज्य जाऊन स्वकीयांचे राज्य यावे असे इच्छिणारा मनुष्य राज्यसंस्थेचा विरोधक कसा ठरेल? याच्या उलट, फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस येथील भाषणात गांधीजींनी बाँबचा निषेध करीत असतानाच आपणही अराजकवादी आहोत, पण निराळ्या प्रकारचे, असे सांगितले. राजवटीने ज्यांना अराजकवादी म्हटले ते तसे नव्हते. ज्यांनी स्वतःला तसे म्हटले त्यांनी शस्त्रच वर्ज्य मानले होते. पुढे सर्वोदय विचारात 'शासनमुक्त समाज' हा शब्दप्रयोग आला आणि मराठी राज्यशास्त्रीय लेखनात 'अराज्यवाद' ही संज्ञा वापरली गेली. या दोन्ही शब्दांना 'माजणे' हे क्रियापद जोडता येत नाही, हे त्यांचे महत्त्व होय.

५

अराज्यवादी व्यवस्थेची विस्तृत प्रमाणावरील कसोटी स्पेनमध्ये लागली. जुलै १९३६ मध्ये लष्करी बंड झाल्यावर बार्सिलोनात सरकारी यंत्रणा जवळजवळ निकामी झाली. अराज्यवादी कामगार संघटनांनी काही दिवसांतच ट्रामगाड्या पुन्हा सुरू केल्या. अनेक कारखाने व सार्वजनिक सेवा कामगारांच्या समित्यांनी चालविल्या. आरागोनमधील अनेक गावांनी शेती सामुदायिक केली. राजा नसताना बी पेरले गेले, इतके तरी येथे दिसून आले. परंतु त्याच काळात प्रजासत्ताकाच्या बाजूच्या प्रदेशात सहा हजारांहून अधिक धर्मोपदेशक मारले गेले व त्यात अराज्यवाद्यांचा हात होता. आरागोनमधील काही गावांत सामुदायिक शेती स्वेच्छेने आली, तर काही ठिकाणी सशस्त्र पथकांच्या सान्निध्यात. नोव्हेंबर १९३६ मध्ये चार अराज्यवादी पुढारी खुद्द मंत्रिमंडळात गेले. ऑगस्ट १९३७ मध्ये आरागोनचे मंडळ सरकारने बरखास्त केले. तेव्हा हा अनुभव दोन्ही पक्षांच्या सरळ उत्तराला बाधक आहे. शासन कोसळताच व्यवस्था कोसळतेच असे नाही. आणि शासन गेल्याने सक्ती जातेच असेही नाही.

सत्ताधीशावाचून टिकणाऱ्या व्यवस्थेचे सर्वांत जवळचे उदाहरण भाषेचे आहे. घट हवा असेल तर मनुष्य कुंभाराकडे जातो, परंतु शब्द हवे असता कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन ते घडवून मागत नाही, असे पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच दाखवून दिले आहे. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली. पण कर्ता व क्रियापद यांच्या मेळाचे नियम कोणत्याही शासनाने कधी काढले नाहीत, आणि तरी निरक्षर शेतकरीही ते मोडत नाही. मात्र हा दाखला एका मर्यादेपर्यंतच उपयोगी आहे. एकाने शब्द वापरला म्हणून दुसऱ्याचा शब्द कमी होत नाही. जमीन, पाणी व धान्य यांचे तसे नाही. शिवाय भाषेतही प्रतिष्ठितांची बोली प्रमाण ठरते व इतरांच्या बोलीला अशुद्ध म्हटले जाते. राजा नसला तरी वर्चस्व असू शकते.

तात्पर्य, 'अराजक म्हणजे अव्यवस्था की व्यवस्था' हा प्रश्न शब्दकोशाने सुटणारा नाही. शब्द केवळ अभाव सांगतो. व्यवस्थेचे कारण राजसत्ता हेच एक आहे असे जो गृहीत धरतो, त्याला त्या अभावात अव्यवस्था दिसते. परस्परविश्वास, करार व रूढी हीही व्यवस्थेची कारणे आहेत असे जो मानतो, त्याला तेथे निराळ्या व्यवस्थेची शक्यता दिसते. दोहोंपैकी कोणते गृहीत किती खरे आहे, हे त्या त्या समाजाच्या अनुभवावरूनच ठरवावे लागेल. तोपर्यंत 'अराजक माजले' असे लिहिणाऱ्या अभ्यासकाने एवढे ध्यानात ठेवावे की, त्या दोन शब्दांत त्याने घटनेचे वर्णन केलेले नसून एका वादाचा निकाल देऊन टाकलेला असतो. ज्या वर्षी अथेन्समध्ये पंधराशे नागरिक मारले गेले, त्या वर्षी तेथे सत्ता नव्हती असे नाही. नव्हता तो नागरिकांनी मान्य केलेला आर्खोन.