पांढरं मलम, काळा फोटो

२५ मेच्या सुमारास जामनेरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या उन्हातले अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. खास फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्याला दिसतात. सनस्क्रीन हे किरण शोषतं, म्हणून अशा फोटोत मलम लावलेला गाल डांबर फासल्यासारखा काळा येतो. हात न फिरलेल्या जागा (कान आणि मान बहुधा सुटतातच!) उजळ राहून चुगली करतात. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही अतिनील शोषतं, त्यामुळे आपल्याकडे फरक जरा कमी उठतो. मात्र कॅमेरा टिपतो तो मुख्यतः अतिनील किरणांतला यूव्ही-ए हा प्रकार. कातडी भाजते यूव्ही-बीने, आणि सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा प्रामुख्याने त्याच्याशी बांधलेला. तो या फोटोवरून ठरवता येत नाही.